तेरा हजारांची नोकरी आणि पुढची पायरी

“घरी बसण्यापेक्षा काहीतरी करतोय, हे काय कमी आहे?” मुलगा पुण्याजवळच्या चाकणला कारखान्यात गेला की त्याचे आईवडील गावात असंच सांगतात. सांगण्यात समाधान असतं, आणि बारीकशी काळजीही. मी सांगली जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये फिटर, म्हणजे सरकारी कागदावरचा ‘जोडारी’, हा ट्रेड शिकवतो. दरवर्षी निकाल लागला की तेच बोलणं प्रश्न होऊन माझ्याकडे येतं. ठेकेदाराकडे तेरा हजारांचं काम आहे, खोली आणि मेस वजा जाता हातात सहा-सात राहतील. जाऊ दे का, सर? आधी मिळेल ते धरलं तर पुढं चांगलं मिळेल का?

हा प्रश्न मला फार गंभीर वाटतो. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराची पुढची पाच-सात वर्षं त्यावर ठरतात आणि बहुतेक वेळा तो चार दिवसांत, एका फोनवर ठरवला जातो.

एकाच बॅचमधल्या दोन मुलांची गोष्ट सांगतो. पहिल्याचा हात फार चांगला होता. कानस चालवताना त्याचा जोर दोन्ही हातांत सारखा पडायचा. काटकोन तपासायचा ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरला तर फट दिसायची नाही. तो चाकणला एका मोठ्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लागला. दुसरा बेताचा होता, पण चौकस. त्याला भोसरीत पाच मशीनच्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं, पगार पहिल्यापेक्षा जवळजवळ तीन हजारांनी कमी. पत्र्याची शेड, कँटीन नाही, कंपनीची बस नाही, नाव सांगितलं तर गावात कुणी ओळखणार नाही. पहिल्याच्या घरी पेढे वाटले. दुसऱ्याच्या घरी गप्प बसले.

पहिल्याला लाइनवर एक स्टेशन मिळालं. समोर सांगाडा आला की चार बोल्ट बसवायचे, टॉर्क रेंच ‘टक्’ वाजेपर्यंत आवळायचे, रंगीत पेनानं खूण करायची, सांगाडा पुढं. ठरलेल्या सेकंदांत पुन्हा पुढचा. आठ तास, कधी ओव्हरटाइम धरून बारा. दोन वर्षं शिकलेलं फिटिंग त्या स्टेशनवर कुणी मागितलंच नाही. मधे ब्रेक मिळाला, म्हणजे काम थांबवून घरी पाठवलं, मग दुसऱ्या ठेकेदाराकडून दुसरी कंपनी, पुन्हा तेच. पाचेक वर्षांत त्याने चार कंपन्यांची ओळखपत्रं जमवली. पगार सोळा हजारांच्या आसपास पोचला होता आणि खोलीचं भाडं त्याहून वेगानं वाढलं होतं.

दुसरा सुरुवातीला सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर, साधा ऑपरेटर होता. दार उघडायचं, चकमध्ये जॉब धरायचा, दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं. बाहेरून पाहिलं तर हेही चार बोल्टांसारखंच काम. फरक इतकाच की वर्कशॉप लहान असल्यानं सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा, एकच होता आणि तो रजेवर गेला की मशीन बंद ठेवणं मालकाला परवडत नव्हतं. टूल घासलं की माप सरकतं, मग मशीनला तेवढी दुरुस्ती, म्हणजे ऑफसेट, द्यावा लागतो. व्यासात दोन शतांश मिलिमीटर जास्त येतंय, तर किती वजा करायचं? हे त्याला मालकानं स्वतः शेजारी उभं राहून शिकवलं, आणि पहिले काही जॉब भंगारात गेले तरी पगार कापला नाही. हळूहळू तो ड्रॉइंग वाचू लागला, मग सेटिंग, मग प्रोग्रॅममध्ये किरकोळ बदल. ऑपरेटर, सेटर, प्रोग्रॅमर हा या धंद्यातला ओळखीचा चढ आहे. पाच वर्षांनी तो एका चांगल्या कंपनीत सेटर म्हणून कंपनी रोलवर, म्हणजे थेट कंपनीच्या नोकरीत, लागला, तेव्हा त्याचा पगार पहिल्याच्या दुप्पट होता. मुलाखतीत त्याला प्रमाणपत्र नंतर विचारलं. आधी हातात मायक्रोमीटर दिला आणि जॉब मोजायला सांगितला.

पहिला आळशी होता असं कुणी म्हणू नये. तो रात्रपाळी करून खोलीवर यायचा तेव्हा त्याच कॉटवरून दिवसपाळीवाला उठून गेलेला असायचा. कष्ट त्यानेच जास्त केले. त्याच्या कामातून पुढं जायला दार नव्हतं, एवढंच.

हे दार कसं बंद होतं ते समजून घ्यायला हवं, कारण ते आपोआप बंद होत नाही. कारखान्यातल्या नोकरीच्या अटी ठरवणाऱ्या आपल्या राज्यातल्या आदर्श स्थायी आदेशांत ४-सी नावाचं एक कलम वर्षानुवर्षं चालत आलं: बदली किंवा तात्पुरत्या कामगारानं मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस सलग सेवा भरली तर त्याला कायम करायचं. कामगाराच्या बाजूनं लिहिलेलं हे स्वच्छ कलम. पण औद्योगिक पट्ट्यात कुणालाही विचारा, ‘ब्रेक’ म्हणजे काय? सहा-सात महिने झाले की काम थांबवतात. काही दिवस घरी. मग नवा कागद, कधी नवा ठेकेदार, आणि दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून. ज्या आकड्यानं कामगाराला कायम करायचं, त्याच आकड्याच्या अलीकडे त्याला थांबवायचं, अशी ही व्यवस्था झाली आहे. देशातल्या संघटित कारखान्यांत आता शंभरातले चाळीसहून अधिक कामगार कंत्राटी आहेत, असं उद्योगांच्या वार्षिक पाहणीतच येतं. तेव्हा हे एखाद-दुसऱ्या वाईट ठेकेदाराचं काम म्हणून सोडून देता येत नाही.

माझे वडील गिरणीत बदली कामगार म्हणून लागले होते. तेही कमी पैशाचं, भरवशाचं नसलेलं काम. सकाळी गेटवर बदलीचं कार्ड घेऊन उभं राहायचं, खात्यात गैरहजरी असेल तर नाव पुकारणार, नाहीतर परत खोलीवर. लालबागच्या एका खोलीत गावाकडचे वीसेक जण, जेवण खानावळीत. तरी वडील त्या दिवसांबद्दल कडवटपणे बोलत नसत. याचं कारण मला मोठेपणी कळलं. मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघानं १९३५ मध्ये बदलीची पद्धत बसवली होती. महिन्याच्या एक तारखेला ठरावीक लोकांना कार्डं द्यायची आणि जागा असेल तेव्हा त्यांनाच आधी घ्यायचं. त्याआधी सगळी मर्जी मुकादमाची. लाच आणि वशिला याशिवाय पान हलत नसे. नवी पद्धत काही आदर्श नव्हती, अनेकांची उमेदीची वर्षं बदलीतच गेली. पण यादीत आपण कुठं आहोत हे माणसाला ठाऊक असायचं. शिवाय साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, गैरहजर माणसाचा साचा (माग) चालवायचा म्हणजे त्याचंच काम करायचं, तेवढंच कौशल्य लागायचं. गावच्याच एका विणकराच्या शेजारी उभं राहून वडील तुटलेला धागा सांधायला शिकले, आणि काही वर्षांनी कायम झाले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करा ही मागणीही होती. स्वतः कायम असलेले वडील त्या मागणीसाठी घरी बसले आणि पुढं गावी परतले. त्यांना त्याचा पश्चात्ताप झाल्याचं मी कधी ऐकलं नाही.

म्हणून कमी पगार हा शब्द ऐकताच मी नाक मुरडत नाही. कमी पगारावर सुरुवात करून वर आलेल्या माणसांनीच आमचं घर उभं केलं. माझी बायको शिक्षणसेवक म्हणून लागली तेव्हा तिला महिना तीन हजार मिळायचे. ही योजना महाराष्ट्रात २००० साली आली. डी.एड. करून, निवड होऊन, रोज जुन्या शिक्षकांइतकेच तास घ्यायचे आणि मानधन त्यांच्या पगाराच्या जवळपासही नाही. अन्यायच होता तो. पुढं मानधन सहा हजार झालं, आणि २०२३ पासून प्राथमिकला सोळा हजार. तेही महागाईच्या मानानं उशिरानंच. पण त्या तीन हजारांत तिनं तीन वर्षं काढली, कारण शासन निर्णयात स्पष्ट लिहिलं होतं: तीन वर्षं समाधानकारक सेवा, मग नियमित वेतनश्रेणी. घरी दिनदर्शिकेवर आम्हाला ती तारीख दाखवता येत होती. बँकेत विचारलं तर कर्जाचं बोलता येत होतं.

त्याच काळात तिची एक मैत्रीण विनाअनुदानित शाळेवर रुजू झाली. ‘कायम विनाअनुदानित’ हे धोरण तेव्हाचंच. काम तेच, फळा तोच, मुलंही तशीच. पगार मात्र संस्था देईल तो, म्हणजे कित्येक महिने काहीच नाही. २००९ मध्ये शासनानं ‘कायम’ हा शब्द काढला, तेव्हा वाटलं आता सुटका. मग मूल्यांकन, मग याद्या, मग वीस टक्के अनुदान, मग पुढचा टप्पा कधी याची वाट. आझाद मैदानावर तिनं किती पावसाळे पाहिले ते तिलाच माहीत. सुट्टीत ती शेतात मजुरीला जायची आणि वर्गात येताना साडीला इस्त्री असायची. या दोघींच्या गुणवत्तेत काही फरक नव्हता. एकीला तारीख दिली होती, दुसरीला आशा दाखवली होती.

परदेशातले अभ्यासही बघितले तर याच वळणावर येतात, आणि एकमेकांशी भांडतातही. ब्रिटनमधल्या मार्क स्टुअर्ट या अर्थतज्ज्ञांनी २००७ मध्ये दाखवलं की कमी पगाराच्या नोकरीनं माणसाच्या पुढच्या संधींचं जवळजवळ बेकारीएवढंच नुकसान होतं. माणूस थोडे दिवस कामावर, थोडे दिवस बेकार, पुन्हा तसल्याच कामावर, असा फिरत राहतो. याउलट जर्मनीत आंद्रेयास क्नाबे आणि अलेक्झांडर प्लुम यांना २०१३ मध्ये दिसलं की कमी पगाराचं काम धरल्यानं चांगल्या पगाराकडे जायची शक्यता वाढते, आणि सगळ्यात जास्त वाढते ती कमी कौशल्याच्या आणि फार दिवस बेकार असलेल्या लोकांची. मात्र त्या कामाला समाजात मान नसेल तर फायदा कमी होतो. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात डेव्हिड ऑटर आणि सुसान हाऊसमन यांनी तर प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. तिथं सरकारी मदतीवरच्या गरीब लोकांना काम लावून देणाऱ्या वेगवेगळ्या संस्था होत्या आणि कोण कुणाकडे जाणार हे जवळपास पाळीपाळीनं ठरायचं. त्यामुळे तुलना सरळ करता आली. ज्यांना थेट मालकाकडे लावलं त्यांची कमाई पुढंही वाढलेली राहिली. ज्यांना तात्पुरते कामगार पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत लावलं त्यांना पुढं फायदा झाला नाही, उलट तोटा झाल्याची चिन्हं दिसली. २०१० सालचा हा अभ्यास वाचताना मला सारखं चाकणचं गेट दिसत होतं. माणसं तीच, शहर तेच, पगारही फार वेगळे नाहीत. आपल्याला कुणी नेमलंय, एवढ्यानं पुढचा रस्ता बदलला.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा व शिका’ची आठवण इथं होते, कारण ती आमच्याच भागातली, रयतमधली गोष्ट. मुलं शेतात, बांधकामावर राबली ती शिकता यावं म्हणून. शिक्षण हे त्या कष्टाचं कारण होतं. आज जवळजवळ त्याच नावाच्या योजना घेऊन एजंट गावोगाव येतात. बारावी झालेल्या पोराला सांगतात, पगारही मिळेल आणि डिप्लोमाही. पोरगा लाइनवर उभा राहतो, आठवड्यातून एखादा तास व्हिडिओ दाखवतात, आणि तो कामगार नसून ‘प्रशिक्षणार्थी’ असल्यानं पीएफही कापला जात नाही. प्रशिक्षण या शब्दाची इतकी चोरी होताना पाहून माझ्यासारख्या शिकवणाऱ्याला राग येतो.

सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. बारावीला महिना सहा हजार, आयटीआय आणि पदविकेला आठ, पदवीला दहा. आधी सहा महिने, नंतर वाढवून अकरा. आमची बरीच मुलं-मुली तहसील कचेरीत, पंचायत समितीत, शाळांत बसली. मी त्यांना भेटत होतो. काहींना खरंच फायदा झाला, विशेषतः मुलींना. घराबाहेर पडायला कारण मिळालं, संगणकावर हात बसला, साहेबांशी बोलायची भीड गेली. एक मुलगी वीजतंत्री ट्रेडची. तिला मात्र आवक-जावक नोंदवही दिली होती. अकरा महिने तिनं टपालावर शिक्के मारले आणि मुदत संपल्यावर आठ हजारांची सवय झालेलं घर पुन्हा रिकामं झालं. मग ही मुलं कायम करा म्हणून मोर्चे काढू लागली, तेव्हा लोक म्हणाले, आधीच सांगितलं होतं ना मुदतीचं? सांगितलं होतं, खरं आहे. पण अकरा महिन्यांनंतर त्यांनी कुठं जायचं, हे कुणी सांगितलं होतं?

मग काम नाकारून घरी थांबावं का? हेही मी कुणाला सहज सांगू शकत नाही. थांबणं ज्याला परवडतं तो थांबतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतावरच्या अहवालात एक आकडा आहे: २०२२ मध्ये पदवीधर तरुणांत बेकारी २९.१ टक्के, आणि ज्यांना लिहितावाचता येत नाही त्या तरुणांत ३.४ टक्के. निरक्षर पोराला चांगल्या नोकऱ्या मिळतात असा याचा अर्थ नव्हे. त्याला थांबायची सोयच नाही. दोन एकर उसावर किंवा भावाच्या पगारावर ज्याचं भागतं तो पुण्याच्या सदाशिव पेठेत अभ्यासिकेची फी भरून एमपीएससीची जाहिरात कधी येते ते बघत बसू शकतो. पण त्या बसण्याचीही किंमत असते. तमिळनाडूत २००१ ते २००६ मध्ये सरकारी भरती जवळजवळ बंद होती. अर्थतज्ज्ञ कुणाल मंगल यांनी तपासलं तर भरती नसतानाही पदवीधर मुलं दुसरीकडे वळली नव्हती, उलट जास्त दिवस बेकार राहिली. त्या पिढीची कमाईची ताकद पुढं बऱ्याच वर्षांनीही कमीच राहिलेली दिसली. आमच्याकडे तीस ओलांडलेली, सहा-सात पूर्वपरीक्षा दिलेली मुलं मला पारावर भेटतात. हुशार मुलं. त्यांना ‘काहीतरी कर’ म्हणणाऱ्यानं ते काहीतरी म्हणजे नेमकं काय, हेही शोधून द्यावं.

माझं मत आता पक्कं झालं आहे. कमी पगाराचं काम बेकाराला वर नेतं का, याचं उत्तर पगाराच्या आकड्यात सापडत नाही. पहिल्या पगाराहून मी तीन गोष्टींना जास्त मान देतो: त्या कामावर आपल्यापेक्षा जास्त जाणणारा माणूस शेजारी उभा असतो का, तिथं काय केलं याचा खरा कागद हातात येतो का, आणि पाळी संपल्यावर अंगात थोडी धुगधुगी उरते का. पाच मशीनच्या शेडमध्ये हे मिळत असेल तर मी मुलाला तिकडे जा म्हणतो, मग चाकणचे दोन-तीन हजार जास्त असले तरी. मात्र ज्याच्या घरी कर्ज आहे, बहिणीचं लग्न आहे, त्याला हे तीन हजार सोड म्हणण्याचा अधिकार मला नाही. तिथं माझा सल्ला थांबतो आणि सरकारचं काम सुरू व्हायला हवं. कारखान्यात शिकाऊ म्हणून राहणाऱ्या ॲप्रेंटिसचं महिन्याचं किमान विद्यावेतन २०१९ च्या नियमांत पाच ते नऊ हजारांच्या दरम्यान ठेवलं. नीट शिकवणारं ते एक वर्ष असतं, शेवटी परीक्षा आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र असतं. पण चाकणमध्ये एका कॉटचं भाडं आणि मेसचे पैसे भरले की त्यात बसचं तिकीटही सुटत नाही. म्हणून गरिबाचं पोर शिकवणारं काम सोडतं आणि न शिकवणारं धरतं. शिकवणारं काम परवडेल एवढे पैसे त्याच्या हातात पडले तर बरीच पोरं योग्य दारात आपणहून जातील.

शिवाय आमच्या संस्थांचा हिशेबही बदलायला हवा. आज मुलगा कुठंही रुजू झाला की त्या दिवशी त्याची ‘प्लेसमेंट’ झाली. रजिस्टरवर खूण पडते, संस्थेची टक्केवारी वाढते, फ्लेक्सवर फोटो लागतो. दोन महिन्यांनी ब्रेक मिळून तो घरी आला तरी खूण तशीच राहते. मी गेली काही वर्षं माझ्या ट्रेडच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत फोन करून वहीत लिहून ठेवतो: कोणत्या कंपनीत, कुणाच्या रोलवर, कोणत्या मशीनवर, मागच्या वर्षीपेक्षा नवं काय शिकला. पगार शेवटच्या रकान्यात. ही वही नव्या बॅचच्या पालकांसमोर मी ठेवतो, नावं झाकून. कोणत्या ठेकेदाराकडून गेलेली मुलं तीन वर्षांनी कुठं आहेत हे त्यांना दिसतं, आणि फोनवरच्या एजंटला ते नेमके प्रश्न विचारू लागतात. प्रत्येक आयटीआयनं, तंत्रनिकेतनानं आणि त्या सहा-आठ-दहा हजारांच्या योजनेनंही रुजू झाल्याच्या दिवसाऐवजी तीन वर्षांनंतरची नोंद जाहीर करावी, असं निवेदन मी आमच्या विभागाला दिलं आहे. त्याची पोच मिळाली आहे.